पाडकामाचा कागद बदलायला लागलेले चौदा महिने

८ जानेवारी २०२४ ला आमच्या वास्तुरचनेच्या ऑफिसात कामाचा कागद आला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: 'अस्तित्वातील इमारत पाडून त्या जागी ६४ घरांची नवीन इमारत उभारणे.' इमारत १९७१ सालची. तळमजला अधिक तीन, पाच जिने, दर जिन्यावर आठ घरं, एकूण चाळीस. मालकी एका गृहनिर्माण मंडळाची, राहणारे सगळे भाडेकरू. १९ मार्च २०२५ ला आम्हाला मंजुरी मिळाली ती पाडकामाची नव्हे. जुनी इमारत दुरुस्त करायची, तिच्यावर हलका मजला चढवायचा आणि काम चालू असताना कुणालाही घर सोडायला लावायचं नाही, याची ती मंजुरी होती.

मधले चौदा महिने जमेल तेवढ्या तपशिलात लिहून ठेवतेय. आम्ही पाच जणांचं छोटं ऑफिस. अशी वाट आधी कुणी चाललंय का, कोणत्या टेबलावर काय मागतात, हे सांगणारं कुणी भेटत नव्हतं.

पाडायचं नाही असं ठरवून आम्ही गेलो नव्हतो, हे आधी सांगते. पहिल्या पाहणीला इमारत वाईटच दिसली. प्लास्टर सुटलेलं, संडासांच्या बाहेरच्या भिंती काळ्या पडलेल्या, दोन ठिकाणी स्लॅबच्या सळ्या उघड्या. मंडळाच्या अभियंत्यांनी आधीच 'धोकादायक होण्याच्या मार्गावर' असा शेरा मारला होता आणि तो वाचून मीही मान डोलावली होती.

मन बदलायला सुरुवात झाली ती घरोघरच्या भेटींत. ५ फेब्रुवारीला संध्याकाळी सहाला आवारात सभा ठेवली. चाळीस घरांतून अकरा माणसं आली, सगळे पुरुष, बोलले त्यातले तिघे. नवी इमारत कधी, तोवर राहायचं कुठे, परत आल्यावर भाडं किती, हे तीन प्रश्न आणि एकाचंही उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्या दिवशी ठरवलं, सभा बंद, आपण दारात जायचं. तीन आठवडे आम्ही दोघी रोज चार घरं करत होतो. घराला धरलेली वीस मिनिटं कधीच पुरली नाहीत, चाळीस-पन्नास लागायची.

यातून शिकलेली एक गोष्ट लगेच सांगते. 'तुम्हाला काय हवंय?' असं विचारू नका. माणसं अवघडतात, किंवा समोरच्याला बरं वाटेल ते सांगतात. आम्ही विचारायला लागलो, 'काल रात्री कोण कुठे झोपलं होतं? खिडकी उघडी होती का?' मग सगळं बाहेर यायचं. वरच्या मजल्यावरची जवळजवळ सगळी घरं गच्चीच्या उष्णतेमुळे बाहेरच्या खोलीत झोपत होती. दुसऱ्या जिन्यातल्या एका आजींनी सांगितलं, गेली सहा वर्षं त्या खाली उतरल्या नाहीत कारण तिसऱ्या टप्प्यावर कठडा हलतो. एक सुटा कठडा! तो आम्ही त्याच आठवड्यात मंडळाच्या सुताराकडून घट्ट करून घेतला. आजी दुसऱ्या दिवशी आवारात बसलेल्या दिसल्या आणि तिथून पुढे जिन्यात आमच्याशी सगळे बोलायला लागले.

चौथ्या जिन्यातल्या काकांची वही हा तर या कामाचा पायाच ठरला. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेले. १९९८ पासून स्वयंपाकघराच्या छतावर ओल कधी दिसली, केवढी, कुठल्या बाजूने पसरली हे त्यांनी पेन्सिलीने तारखांसकट लिहून ठेवलं होतं. काही पानांवर डागाचा आकार काढलेला, शेजारी वितींत माप. 'मॅडम, मंडळाला दाखवली होती, कुणी उघडली नाही,' एवढंच म्हणाले. मी ती घरी आणून दोन रात्री बसून महिन्यांप्रमाणे मांडली. ओल पावसाळ्यातली असेल असं सगळे धरून चालले होते. पण नोंदी बारा महिने सारख्याच होत्या, भर उन्हाळ्यातसुद्धा. म्हणजे पाणी गच्चीतून येत नव्हतं, भिंतीतल्या सांडपाण्याच्या जुन्या पाइपमधून येत होतं. इमारत खात होता तो पाइप. काँक्रीट म्हातारं झालं म्हणून हे होत नव्हतं.

हे खरं की खोटं ते तपासायला पैसे लागणार होते. मंडळ म्हणालं, पाडायच्या इमारतीवर तपासणीचा खर्च कशाला? त्यांची बाजू मला समजते, त्यांना प्रत्येक खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. शेवटी तो आम्ही आमच्या फीमधून केला. एकूण फीच्या साधारण ९ टक्के तिथे गेले. छोट्या ऑफिसला ही रक्कम जड आहे, म्हणून करार करतानाच 'अस्तित्वातील इमारतीची तपासणी' ही वेगळी बाब लिहून घ्या.

२५ आणि २६ मार्चला तपासण्या झाल्या. कॉलममधून काँक्रीटचे गोल नमुने काढले, हातोड्याची चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी, सळ्यांवर काँक्रीटचा थर किती जाड आहे त्याची मोजणी. पाहण्यासारखी गोष्ट मात्र सगळ्यात साधी होती. काँक्रीट ताजं फोडायचं आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या रसायनाचा फवारा मारायचा. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं, म्हणून आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं बाहेरून आत मुरत जातो आणि तो अल्कधर्म संपवतो. जिथे संपला तिथे रंग येत नाही, जिथे शिल्लक आहे तिथे गडद गुलाबी. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी पहिल्या कॉलमवर फवारा मारला तेव्हा बाहेरची १४ मिलिमीटरची कड तशीच राखाडी राहिली आणि त्याच्या आत सगळं एकदम गुलाबी झालं. सळई होती २८ मिलिमीटरवर. शेजारी उभ्या असलेल्या चौथ्या जिन्यातल्या काकांनी विचारलं, 'म्हणजे चांगलं की वाईट?' इंजिनिअर म्हणाले, 'चांगलं, काका. अजून बरीच वर्षं आहेत.'

संडास-बाथरूमच्या पट्ट्यात मात्र रंग जवळजवळ आलाच नाही आणि सळ्या गंजलेल्या निघाल्या. काकांच्या वहीने दाखवली होती नेमकी तीच जागा. निष्कर्ष असा निघाला की १०० पैकी ८० कॉलम-बीम चांगले, उरलेल्यांना जोड हवी, आणि पाइप भिंतीतून काढून बाहेरच्या शाफ्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीत, नेले तर रोगाचं मूळ जाईल.

एप्रिल सगळा कार्बनच्या हिशेबात गेला, म्हणजे कोणत्या पर्यायात किती कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल ते मोजण्यात. हे मी पहिल्यांदाच करत होते आणि भीती वाटत होती. आम्ही युरोपातलं ईएन १५९७८ हे मानक धरलं. त्यात इमारतीचं आयुष्य टप्प्यांत वाटलेलं असतं: कच्चा माल आणि कारखाना, साइटपर्यंतची वाहतूक, बांधकाम, वापराची वर्षं, शेवटचं पाडकाम. आतापर्यंत आम्ही सगळे फक्त वापराच्या वर्षांकडे बघत आलो होतो, विजेचं बिल किती, खिडकी कोणती. पण माणसं राहायला येण्याआधीच एवढा मोठा कार्बन हवेत गेलेला असतो हे स्वतःच्या कामाचे आकडे भरताना अंगावर येतं. सिमेंटचंच घ्या. भट्टीचं इंधन बदललं तरी चुनखडी तापवली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटणारच, आणि सिमेंटचं निम्म्याहून जास्त उत्सर्जन या रासायनिक क्रियेतूनच होतं.

जुन्या इमारतीत साधारण ९५० घनमीटर काँक्रीट होतं, म्हणजे जवळपास २,३०० टन वजन. ते फोडून ट्रकने न्यायचं आणि तेवढंच किंवा जास्त पुन्हा ओतायचं. बांधकाम संपेपर्यंतचा नव्या इमारतीचा हिशेब २,०५० टन कार्बन डायऑक्साइडवर गेला, दर घरामागे ३२ टन. दुरुस्ती आणि वरचा हलका मजला धरून आमचा पर्याय ६४० टन, दर घरामागे जेमतेम १३. नवी इमारत वीज कमी खाईल हे खरं. म्हणून तेही मांडलं. त्या बचतीतून नव्या इमारतीचा जादा कार्बन फिटायला आमच्या हिशेबाने ३४ वर्षं लागत होती, आणि तेही वीज आजच्याच पद्धतीने तयार होत राहिली तर. वीज स्वच्छ होत गेली की तो काळ आणखी लांबतो. ज्यांना हा हिशेब करायचाय त्यांनी आधी कोणतं साहित्य किती लागतं याचा तक्ता बिनचूक करावा. सॉफ्टवेअरपेक्षा तोच महत्त्वाचा. आमच्या पहिल्या तक्त्यात पायाचं काँक्रीट दोनदा धरलं गेलं होतं आणि ते सापडायला पाच दिवस गेले.

या हिशेबात एक बोच होती आणि ती मी अजून विसरलेली नाही. नव्या इमारतीत ६४ घरं होणार होती, आमच्या पर्यायात ४० अधिक वरची १०, म्हणजे ५०. चौदा घरं कमी. मंडळाच्या प्रतीक्षा यादीत जी कुटुंबं आहेत, त्यांना मी काय सांगणार? ऑफिसात यावर खूप वाद झाला. आमची सगळ्यात तरुण सहकारी म्हणाली, 'कार्बन वाचवला म्हणून आपण खूश, पण चौदा कुटुंबं बाहेरच.' तिचं बरोबर होतं. आम्ही पुन्हा नकाशावर बसलो. वाहनतळाच्या कडेला दुमजली पट्टी टाकून सहा घरं निघाली. आठची तूट राहिली. ती आम्ही अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिली. लपवली असती तर समितीत कुणीतरी काढलीच असती, आणि काढली नसती तरी ती लपवायला नको होती.

वरचा मजला जुन्या कॉलमना पेलेल का, हा प्रश्न सगळ्यांचा. गच्चीवर ५० वर्षांत थरावर थर चढवलेलं वॉटरप्रूफिंग आणि भराव होता, सरासरी १८ सेंटिमीटर. तो काढला तर चौरस मीटरमागे जवळपास ३०० किलो उतरतात, सगळ्या गच्चीचे मिळून २०० टन. त्या जागी हलक्या स्टीलच्या सांगाड्याची घरं. वजन पूर्ण जुळलं नाही, काही ठिकाणी इमारतीच्या पायाला जोड द्यावी लागली आणि भूकंपासाठी जिन्यांलगत काँक्रीटच्या भिंती आल्या. पण जमलं.

१४ मे ला मंडळाच्या समितीपुढे सादरीकरण. पंचेचाळीस मिनिटं मिळाली. मी फ्रान्समधल्या बोर्दोच्या ग्राँ पार्क वसाहतीची चित्रं दाखवली. तिथे लाकातों आणि वासाल या आर्किटेक्टांनी द्रुओ आणि युतँ यांच्यासोबत तीन जुन्या इमारतींमधल्या ५३० घरांना बाहेरून काचेचे प्रशस्त सज्जे जोडले, पाडलं काहीच नाही. २०१९ चा वास्तुरचनेसाठीचा युरोपातला मीस व्हॅन डर रोहे पुरस्कार त्या कामाला मिळाला. पुरस्काराने कुणाला फारसं काही वाटलं नाही. एका सदस्यबाईंनी विचारलं, 'काम चालू असताना ही माणसं राहत कुठे होती?' मी म्हटलं, 'घरातच.' त्या पुढे वाकून चित्र पुन्हा बघायला लागल्या. त्या क्षणी पहिल्यांदा मला वाटलं की हे होऊ शकतं.

दुसऱ्या सदस्यांचं म्हणणं, अशा जुन्या वसाहती मुळातच चुकलेल्या, त्यांना सांभाळून काय मिळणार. त्यांनी अमेरिकेतल्या सेंट लुईच्या प्रुइट-आयगो वसाहतीचं नाव घेतलं. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, १९७२ पासून पाडायला घेतल्या, वास्तुरचनेच्या अपयशाचं उदाहरण म्हणून सगळ्यांना ठाऊक. मी तेच उदाहरण पुढे नेलं. तिथे देखभालीचा खर्च भाड्यातूनच निघायचा होता. भाडेकरू कमी झाले, पैसा आटला, लिफ्ट आणि पाइप बंद पडले, मग उरलेलेही गेले. आमच्या चौथ्या जिन्यातला पाइप हीच गोष्ट छोट्या प्रमाणात सांगतो. या चर्चेतून देखभालीचा स्वतंत्र निधी हे कलम प्रस्तावात आलं, आणि सगळ्या प्रस्तावात मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

निधी मर्यादित, मग आधी काय करायचं? इथे दोन आर्किटेक्टांच्या वसाहतींचा विचार कामी आला: आरावेना यांची चिलीतली किंता मोनरॉय आणि दोशींची इंदूरमधली अरण्य. किंता मोनरॉयमध्ये २००४ साली अर्धं घर बांधून दिलं, उरलेलं कुटुंबांनी आपल्या सोयीने वाढवलं. अरण्यमध्ये जोतं, पाण्या-सांडपाण्याची जोडणी आणि न्हाणीघराचा गाभा मिळाला. दोन्हींचा मथितार्थ एकच: एका कुटुंबाला एकट्याने करता येत नाही ते आधी सार्वजनिक पैशातून करा. आम्हीही संरचना, पाइप, जिने, गच्चीची उष्णता आणि बाहेरच्या सावल्या एवढंच घेतलं. फरशी, ओटे, रंग रहिवाशांवर सोडलं. काही जण नाराज झाले, ते स्वाभाविक होतं.

समितीने तत्त्वतः होकार दिला आणि ३ जूनला आम्ही मंजुरीच्या कार्यालयात फाईल टाकली. अर्जात दोनच चौकटी होत्या: 'नवीन बांधकाम' आणि 'किरकोळ दुरुस्ती'. आमचं काम दोन्हींत बसत नव्हतं. खिडकीवर सांगितलं, नवीन बांधकामावर खूण करा. केली. २२ जुलैला फाईल १७ त्रुटींसह परत. नवीन बांधकाम म्हटल्यावर इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, जिन्याची रुंदी, वाहनतळ, सगळे नियम नव्या इमारतीचे लागले, आणि १९७१ ची इमारत ते पाळणार कशी?

इथे आमचे दोन महिने वाया गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून सांगते: फाईल टाकण्याआधी नियमावलीतलं 'अस्तित्वातील बांधकामात फेरबदल' अशा अर्थाचं कलम शोधा आणि लेखी पत्राने विचारा की आमचं काम या कलमाखाली धरणार का. लेखी विचारलं की लेखी उत्तर येतं. तोंडी उत्तर देणारे साहेब पुढच्या वेळी त्या टेबलावर असतीलच असं नाही. आम्ही ऑगस्टमध्ये पत्र दिलं, उत्तराला ३८ दिवस लागले, उत्तर 'होय' आलं.

३० सप्टेंबरला दुसऱ्यांदा फाईल. या वेळी त्रुटी एकच: मूळ मंजूर नकाशा जोडावा. १९७१ चा नकाशा मंडळाकडे नव्हता. अभिलेख कक्षात तीन आठवडे खेपा घातल्या. तिथले लिपिक निवृत्तीला आलेले, फार मनापासून मदत करणारे. म्हणाले, 'वर्षाप्रमाणे बघू नका, रस्त्याच्या जुन्या नावाने बघा.' रस्त्याचं नाव दरम्यान बदललं होतं. जुन्या नावाच्या गठ्ठ्यात नकाशा निघाला, घडीवर फाटलेला, पण शिक्का शाबूत. कोपऱ्यात पाइपची मूळ रेषाही होती: शाफ्ट बाहेरच दाखवलेला. बांधताना तो गाळून पाइप भिंतीत घातले होते. आम्ही पन्नास वर्षांनी सुचवत होतो तेच मूळ आर्किटेक्टने काढून ठेवलं होतं. मी तो कागद बराच वेळ हातात धरून उभी होते.

अग्निशमनाचा दाखला डिसेंबरात आला, एका जिन्याला बाहेरून दुसरी वाट देण्याच्या अटीवर. सांडपाण्याच्या खात्याने विचारलं, आवार फरसबंदीचं, पावसाचं पाणी कुठे जाणार. गच्ची आणि आवार मिळून १,५०० चौरस मीटर, ५० मिलिमीटर पावसाचं पाणी होतं ७५ घनमीटर. मुलांच्या खेळाची जागा २५० चौरस मीटर. ती ३० सेंटिमीटर खाली घेतली की तेवढं पाणी तिथे मावतं आणि सावकाश जमिनीत, उरलेलं गटारात जातं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या बेन्थेमप्लाइन चौकात २०१३ पासून हेच केलेलं आहे: एरवी खेळाचं मैदान, मोठ्या पावसात टाकी. कडेच्या पायऱ्यांवर आजी-आजोबांना बसता येईल, ही सूचना दुसऱ्या जिन्यातल्या आजींची.

मंजुरीनंतर एकाच जिन्यापासून सुरुवात केली, चौथ्या. आधी बाहेरचे शाफ्ट आणि नवे पाइप, ते सुरू झाले की मगच जुने बंद. त्यामुळे कुठल्याही घराचं पाणी चार तासांपेक्षा जास्त तुटलं नाही. आठही घरांच्या दारांवर पुढच्या पंधरा दिवसांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात लावत होतो. धुळीचा त्रास आम्ही धरला होता त्यापेक्षा खूप जास्त झाला. एका घरात दम्याचा मुलगा होता, त्या कुटुंबाला तीन आठवडे तळमजल्याच्या रिकाम्या खोलीत हलवावं लागलं. 'कुणालाही हलवणार नाही' हा शब्द तेवढा मोडला. पुढच्या जिन्यांसाठी अशी एक खोली आधीच तयार ठेवतोय.

चौथा जिना ऑक्टोबरात पूर्ण झाला. वहीवाल्या काकांच्या स्वयंपाकघराचं छत कोरडं आहे. आठ घरांची तूट अजून तशीच आहे, तिच्यासाठी शेजारच्या मोकळ्या पट्ट्याचा अर्ज मंडळाकडे पडून आहे. मागच्या सोमवारी काकांनी मला वर बोलावलं. वहीचं नवीन पान उघडलेलं, तारीख घातलेली, खाली रुपयाएवढा गोल काढलेला. जुनी गच्ची आणि नवा मजला जिथे जुळतात तिथे, वरच्या घराच्या कोपऱ्यात ओल आहे. गुरुवारी तो सांधा उघडतोय.